बैठकीला चाळीस, पाठीला अठ्ठावीस

३ फेब्रुवारी

ही डायरी पडद्याच्या कापडाच्या कंपनीची. दरवर्षी वर्कशॉपवर एक येते आणि कोरीच रद्दीत जाते. या वर्षी मी ठेवून घेतली, कारण मला बोलायचंय आणि ज्यांच्याशी बोलायची सवय आहे ते आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेत.

महिनाभर ह्यांच्या दंडांवर काळेनिळे डाग उठत होते. हे म्हणायचे, सोफ्याच्या फ्रेमा लागतात. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा दोष ब्रशला. दोन जिने चढून दम लागायला लागला तेव्हा बिल्डरला शिव्या. शेवटी विनीतनं, आमच्या मुलानं, जबरदस्तीनं रक्त तपासायला नेलं. मग कमरेच्या हाडातून काहीतरी काढून तपासलं, आणि आज रिपोर्ट आला. रक्ताचा कॅन्सर. झपाट्यानं वाढणारा, आणि त्यातही लाखात एखाद्यालाच होणारा प्रकार.

प्रीती मॅडम म्हणून डॉक्टर आहेत, वयानं आमच्या सुनेएवढ्या. त्यांनी फार चांगलं समजावलं. म्हणाल्या, "काका, तुमचं वय अडुसष्ट, हार्टमध्ये स्टेंट आहे. स्ट्राँग किमो तुम्हाला झेपणार नाही. आपण लो इंटेन्सिटी ट्रीटमेंट घेऊ. दर महिन्याला सात दिवस पोटावर छोटं इंजेक्शन आणि सोबत गोळ्या. बऱ्याच पेशंट्सना याचा चांगला फायदा होतो."

हे एकदम सरसावून बसले. "लो डेन्सिटी? मॅडम, चाळीसचं नाही का तुमच्याकडं?"

"चाळीस काय, काका?"

"चाळीस डेन्सिटी. पैशाकडं बघू नका."

मॅडम विनीतकडे बघायला लागल्या. विनीत जमिनीकडे.

आता ज्यांचा सोफ्याशी फक्त बसण्यापुरता संबंध आहे त्यांना हे कळायचं नाही. आमचं उल्हासनगरात कॅम्प चारला सोफ्याचं वर्कशॉप आहे. फोम डेन्सिटीवर विकला जातो. चाळीसचा भारी, वर्षानुवर्षं दबत नाही. लो डेन्सिटीचा हलका. बैठकीत भरला की सहा महिन्यांत खड्डा पडतो, पण वरून चांगलं कापड ताणलं तर गिऱ्हाइकाला आत काय आहे ते कळत नाही. ह्यांनी असला धंदा कधी केला नाही. त्यामुळे हे उठलेच खुर्चीवरून. म्हणाले, "मॅडम, हलका माल मी कुणाच्या बैठकीत घातला नाही. माझ्या अंगात पण घालणार नाही." आणि बाहेर चालायला लागले.

मी मागून धावले. लाज वाटली, राग आला, आणि खरं सांगायचं तर मलाही डेन्सिटीच ऐकू आलं होतं.

४ फेब्रुवारी

तेजलनं, सुनेनं, सकाळी समजावलं. "बाबा, डेन्सिटी नाही, इंटेन्सिटी. म्हणजे औषधाचा जोर कमी. क्वालिटी कमी नाही."

ह्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कमी ते कमी. म्हाताऱ्याला कशाला चांगलं द्यायचं, असा विचार असणार."

तेजलनं माझ्याकडे बघितलं. मी पोहे ढवळत राहिले. ह्या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट शिरली की ती काढायला उसवणी लागते.

५ फेब्रुवारी

अंबरनाथच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता. नव्या घरासाठी सोफा हवा. बोलता बोलता त्यांनी गॅरंटी विचारली असणार, कारण हे थांबले.

याला ह्यांचं उत्तर ठरलेलं आहे. दहा वर्षं. आणि ती कागदावर नसते. हे सांगतात, "गॅरंटी म्हणजे मी. फोम दबला तर फोन करा, मी स्वतः येऊन बदलून देतो." आणि गेलेतही. एकदा बदलापूरला एका घरी नऊ वर्षांनी गेले, त्या घरातल्या पोरांनी उड्या मारून मारून बैठक फाडली होती, तरी पैसा न घेता नीट करून दिली. मी तेव्हा भांडले होते.

आज म्हणाले, "गॅरंटी नाही देता येणार आता. घ्यायचा तर घ्या."

माझ्या हातात मेथीची जुडी होती. पानं केरात गेली, काड्या पातेल्यात.

८ फेब्रुवारी

विनीत दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. हे खूश होते, कारण हे डॉक्टर म्हातारे आणि भारदस्त. त्यांनी सगळे कागद बघितले आणि तेच सांगितलं. वर म्हणाले, "जोराचं औषध दिलं तर आजार जाईल, पण त्याच्याबरोबर तुम्हीही जाल."

गाडीत चिखलोलीच्या वळणावर हे म्हणाले, "सगळ्यांनी ठरवलेलं दिसतंय." मी विचारलं, काय ठरवलंय. तर म्हणे, "काही नाही."

मला ह्यांना धरून गदगदा हलवावंसं वाटलं. पण डाग उठतात.

९ फेब्रुवारी

सकाळी नाकातून रक्त आलं. थांबायला खूप वेळ लागला. प्रीती मॅडमचा फोन आला होता, लवकर ठरवा, यात उशीर चालत नाही. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू.

लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. ह्या माणसानं मला कधी 'बघू' म्हणून ताटकळत ठेवलं नव्हतं. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. मला भीती वाटते आहे. लिहून ठेवते, कारण तोंडानं म्हणणार नाही.

१० फेब्रुवारी

परसूभाई आले होते. कॅम्प चारचेच सिंधी व्यापारी. ह्यांना फोम पुरवतात, ह्यांच्याशी भांडतात, दिवाळीला पहिली मिठाई त्यांच्याकडून येते. येताना दाल-पकवान घेऊन आले आणि आमच्या पोपटी सोफ्यावर बसले. हा सोफा एका गिऱ्हाइकानं रंग आवडला नाही म्हणून परत केलेला. त्याच्या आधीचा होता तो मापात चुकलेला. सोफेवाल्याच्या बायकोला आयुष्यात कधी स्वतःसाठी केलेली बैठक मिळाली नाही, हे मी परसूभाईंना दरवेळी सांगते आणि ते दरवेळी हसतात. आज हसले नाहीत.

"हिंदुराव, साईं, पैसे का टेन्शन है क्या? खुलके बोल."

"पैशाचं नाही रे. माल हलका आहे."

"कौन बोला?"

"डॉक्टरच बोलली. लो."

"तो हाय वाला ले ले."

"ते देत नाहीत मला. म्हणतात झेपणार नाही."

मी चहा घेऊन आले होते. कप आपटलाच मी. म्हटलं, "म्हणून हे काहीच घेणार नाहीत. म्हणजे एखाद्याच्या घरात भारी सोफा मावत नसेल तर त्यानं जमिनीवर बसायचं. आणि एवढं भारीचं कौतुक आहे ना तुम्हाला, तर सोफ्याच्या पाठीला पण चाळीसच का नाही घालत?"

"पाठीला कुणी चाळीस घालतं का?" हे लगेच उसळले. धंद्याची गोष्ट निघाली की आजारपण विसरतात. "माणूस टेकेल कसा? पुढं ढकलला जाईल. पाठीला अठ्ठावीसच लागतो."

"म्हणजे हलका."

"हलका नव्हे. पाठीला तोच बरोबर. चाळीस घातला तर कमरेची वाट लागेल. जिथं जसा भार, तिथं तसा..."

आणि थांबले. परसूभाईंच्या हातातलं पकवान तोंडापाशी थांबलं.

"भाभी ने पकड़ लिया," परसूभाई म्हणाले.

मी काही पकडायला बोलले नव्हते. चिडून बोलले होते. हे चहा प्यायले, गार झाला म्हणाले आणि आत गेले.

११ फेब्रुवारी

सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. म्हणाले, "विनीतला सांग, गाडी काढ."

१५ फेब्रुवारी

चार दिवस हॉस्पिटलात. सुरुवात इथंच करावी लागते, कारण औषधानं आजारी पेशी एकदम मरायला लागल्या तर किडनीवर ताण येतो. त्यामुळे पाणी पाजतात, सलाईन लावतात आणि दिवसातून कितीदा तरी रक्त घेतात. ह्यांची कुरकुर, की रक्त कमी म्हणून चढवतात आणि चढवलेलं परत काढून नेतात. औषधांची नावं मी तेजलकडून लिहून घेतली होती, ॲझासायटिडीन आणि व्हेनेटोक्लॅक्स. ह्यांनी त्यांना छोटी आणि मोठी अशी नावं ठेवलीत.

आज रक्त चढवायला खालच्या डे-केअरमध्ये नेलं होतं. पुढच्या महिन्यापासून इंजेक्शनं तिथंच घ्यायची. पेशंटला बसायला मोठी मागे रेलणारी खुर्ची. ह्यांनी बसायच्या आधी अंगठ्यानं दाबून बघितली. "बत्तीस आहे. रेक्झिन बरं लावलंय. शिलाई घाईत केलीय." नर्सला हे कोण इन्स्पेक्टर आले असं झालं असेल.

सोबतच्या माणसाला लोखंडी स्टूल. त्यांचा तरी काय दोष, जागाच तेवढी. पण रक्त चढायला चार तास लागले आणि उठताना माझा गुडघा असा धरला की मी खुर्चीला पकडूनच उभी राहिले. हे माझ्याकडे बघत होते. मग स्टुलाकडे बघितलं. नुसतं 'हं' म्हणाले. मी म्हटलं, काय हं? म्हणाले, काही नाही.

२० फेब्रुवारी

घरी आलो. नियम बरेच आहेत. कच्चं काही खायचं नाही, गर्दीत जायचं नाही, मास्क लावायचा, पपनस आणि करमळं ही फळं औषधाशी जमत नाहीत म्हणून तोंडात घालायची नाहीत. टोकदार वस्तूंना हात लावायचा नाही, कारण रक्त थांबत नाही. आणि वर्कशॉप बंद. फोमचा भुसा, कापसाचे तंतू, काहीच चालणार नाही.

पपनस ह्यांनी जन्मात खाल्लेलं नाही. तरी आज दुपारी म्हणाले, "पपनस खावंसं वाटतंय."

२७ फेब्रुवारी

ताप. बॅग भरली. निघतो.

२ मार्च

ताप आजही उतरला नाही. औषधानं चांगल्या पेशीही कमी होतात, हे सांगितलेलं होतं. ऐकलेलं असणं आणि समोर माणूस कुडकुडताना बघणं यात फरक आहे. सकाळी मी प्रीती मॅडमना विचारलं, हे औषध हलकं ना, मग एवढं का? त्या माझ्या शेजारी दुसऱ्या स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "काकू, हलकं आहे, सोपं नाही." त्यांनी काही लपवलं नाही म्हणून मला बरं वाटलं आणि जास्त भीतीही वाटली.

दुपारी ह्यांना जरा शुद्ध आल्यासारखी वाटली. मला म्हणाले, "घरी जा तू. गुडघा दुखत असेल. कुठला दुखतो गं, डावा ना?"

बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. ताप डोक्यात गेला असणार.

"डावा," मी म्हटलं. "आणि मी कुठं जात नाही."

५ मार्च

ताप उतरला. वरणभात मागितला. वरण पातळ आहे म्हणून भांडले. देवा, असंच भांडू दे.

१२ मार्च

हाडातली तपासणी झाली आणि रिपोर्ट आला. आजारी पेशी निम्म्याहून कमी झाल्यात, पण गेलेल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, पहिल्याच महिन्यात एवढं म्हणजे चांगलं आहे, दुसरा राउंड घेऊ, मग खरं कळेल.

ह्यांना 'चांगलं' ऐकू आलं नाही. घरी येऊन सोफ्यावर बसले, बैठकीवर हात फिरवत म्हणाले, "बघितलंस. मी सांगितलं होतं."

"निम्मा गेला की."

"निम्मा सोफा कुणी घरी नेतं का?"

मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले. तेजल आली, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. तिनं गॅसही बंद केला, दूध उतू जात होतं.

१४ मार्च

आज वेगळंच. ह्यांनी मधूला फोन केला. मधू म्हणजे आमचा वीस वर्षांपासूनचा कारागीर, वर्कशॉप आता तोच बघतो. दार लावून बोलत होते. मला फक्त "उतरता काप" आणि "पट्टा लाव" एवढं ऐकू आलं.

मी विचारलं तर म्हणाले, एक ऑर्डर आहे.

"एवढं बरं नाहीये आणि ऑर्डर कसली?"

"जुनं गिऱ्हाईक आहे. शब्द दिलाय."

"कोण?"

"बाई आहेत एक. बदलापूरच्या."

"नाव काय?"

जरा थांबले. "बनूबाई."

एवढ्या वर्षांत ह्यांच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नाही.

१६ मार्च

दुसरा राउंड सुरू झाला. हे मुकाट्यानं गाडीत बसले. मी मनात म्हटलं, चला, निदान एवढं तरी. गाडीत मधूशी फोनवर बोलणं, "कापड पांढरं नको, डाग दिसला तर बाई घाबरतील." एवढी काळजी बनूबाईंची.

१९ मार्च

तेजलचं माहेर बदलापूर गावठाणात आहे. पिढ्यान्पिढ्या तिथलेच, आधी भातशेती, आता अर्धं गाव जमिनी विकून बंगल्यात. मी तिला विचारलं, "तुमच्या गावात कुणी बनूबाई आहे का गं?"

"नाही ओ आई, आमच्याकडं बनूबाई कोण नाय." मग तिनं हॉलमध्ये बघितलं. हे तिथं पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरलेला होता. तेजलला एकदम खोकला आला. "असतील असतील. गावाच्या त्या टोकाला. लय मोठा बंगला आहे त्यांचा."

म्हणजे पैसेवाली. गळ्यात सोनं असणार. मला काय त्याचं.

२२ मार्च

मधू घरी आला होता. मास्क लावून, दाराबाहेरूनच फोमचे दोन तुकडे देऊन गेला, प्लास्टिकात गुंडाळलेले. भुसा नको म्हणून पुसून आणले होते. एक बैठकीचा, एक पाठीचा. लहानसेच. असा कसला सोफा? अरुंद, खालून पट्टा लावायची जागा, मधून दुमडणारा. मी मधूला विचारलं, ही बाई कशावर बसते?

"मला काय म्हाईत नाय वहिनी. शेठनी सांगितलं ते केलं." आणि चप्पल पण नीट न घालता जिना उतरला.

ह्यांनी तो तुकडा खुर्चीवर ठेवला आणि मला म्हणाले, "जरा बस."

"मी कशाला?"

"बाईंची उंची तुझ्याएवढीच आहे. माप बघायचंय."

बसले. काय करणार, आजारी माणूस. गुडघ्याला कसं वाटतं विचारलं. मी म्हटलं, माझ्या गुडघ्याचा आणि बनूबाईंच्या बैठकीचा काय संबंध? म्हणाले, "वयस्कर आहेत त्या. सगळ्यांचे गुडघे सारखेच." मग पाठीमागे दुसरा तुकडा लावून बघितला. मऊ होता. मी विचारलं, हा हलका लावताय?

"अठ्ठावीस," हे म्हणाले. "पाठीला तोच बरोबर." खडूनं खूण केली. रेघ सरळ आली. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या चेहऱ्यावर रंग दिसला. त्यासाठी मी बनूबाईंना माफ करायला हरकत नाही. पूर्ण नाही.

३० मार्च

आज भांडण झालं. दुपारी मी डोळा लागून उठले तर हे गॅलरीत बसून वाकडी सुई घेऊन शिवत होते. वाकडी सुई म्हणजे सोफ्याची, जाड दाभणच ती. मी हातातून ओढून घेतली. म्हटलं, डॉक्टरांनी काय सांगितलंय? एक टोचली तर रक्त थांबवायला कोण येणार, बनूबाई येणार?

"अंगुस्तान घातलंय," म्हणून बोट वर करून दाखवलं. शाळेतल्या मुलासारखं.

"मधूला द्या शिवायला."

"सगळं त्यानंच शिवलंय. शेवटची कड मला घालायची होती."

"एवढं काय आहे त्या बाईत?"

हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "भांडखोर आहे. पण गिऱ्हाईक चांगलं आहे." आणि हसले. मी सुई डब्यात घालून डबा वरच्या फळीवर ठेवला आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाही. रात्रीचं जेवण मात्र त्यांच्या आवडीचं केलं, शेपूची भाजी. नीट धुऊन, नीट शिजवून.

८ एप्रिल

ऊन फार. ह्यांचं वजन थोडं वाढलं. ताप आला नाही. रक्त एकदाच चढवावं लागलं. माझ्या मनात काहीतरी चांगलं यायला लागलंय, पण मी त्याला आत घेत नाही, दारातच उभं करून ठेवलंय.

१४ एप्रिल

परत हाडातून तपासणी. रिपोर्ट शुक्रवारी. विनीत ऑफिसातून तीन वेळा फोन करतो आणि तिन्ही वेळा जेवलात का विचारतो.

संध्याकाळी मी विचारलं, ह्या वेळीही निम्माच निघाला तर?

म्हणाले, "तर उरलेला निम्मा काढायला परत जायचं. अर्धवट काम मी सोडलंय का कधी?"

महिन्याभरापूर्वीचा माणूस हा नव्हे. मी विचारलं, आता हलका नाही वाटत माल? म्हणाले, "अंग टेकतंय गं. टेकतंय तर बरोबर असणार."

१८ एप्रिल

आज सगळं लिहून ठेवते.

रिपोर्ट आणि तिसऱ्या राउंडचं पहिलं इंजेक्शन एकाच दिवशी. निघताना हे एक मोठी कापडी पिशवी काखेत घेऊन निघाले. मी म्हटलं, काय आहे? म्हणाले, बनूबाईंची डिलिव्हरी, येताना देऊ. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी त्या बाईला घरी ठेवा. विनीत गाडी चालवत होता, त्याचे खांदे हलत होते. रडतोय असं वाटून मी घाबरले. आता वाटतं, हसत होता.

डे-केअरमध्ये ह्यांना त्यांची खुर्ची मिळाली. माझं स्टूल शेजारी. मी बसणार तर हे म्हणाले, "थांब." पिशवीतून ते दुमडलेलं बाहेर काढलं, उघडलं, स्टुलावर ठेवलं, खालून पट्टा आवळला, पाठ मागच्या भिंतीला टेकवली. करड्या रंगाचं कापड, कडेला बारीक निळी कड. मापात, जसं काही त्या स्टुलासाठीच केलंय.

"बस."

"ही बनूबाईंची ना?"

"त्यांनी ऑर्डर कॅन्सल केली."

मला असा संताप आला. म्हणजे हेही गिऱ्हाइकानं नाकारलेलंच. पोपटी सोफा, मापात चुकलेला सोफा आणि आता हे. म्हटलं, "माझ्या नशिबात परत आलेलाच माल."

"बस तर खरं."

बसले. बैठक घट्ट. पाठ मऊ, टेकल्यावर आपोआप खांदे सैल झाले. आणि डाव्या बाजूला पुढची कड उतरती कापलेली, अगदी जिथं माझा गुडघा वळतो तिथं. बनूबाईंचाही डावाच गुडघा दुखत असेल, असं मी मनाशी म्हणाले. आणि मग त्या उतरत्या कडेवर गुडघा दोनदा वळवून बघितला. हे माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या पंख्याकडे बघत होते, कान लाल झालेले.

नर्स इंजेक्शन घेऊन आली. तिनं माझ्या बैठकीला हात लावून विचारलं, आजी, कुठून घेतली? मी म्हटलं, उल्हासनगर, कॅम्प चार. मास्कच्या आत मी काय करत होते ते तिला दिसलं नसेल.

मग प्रीती मॅडम आल्या. चेहऱ्यावरून काही कळू देत नाहीत त्या, पण चालण्यावरून मला कळलं. म्हणाल्या, "काका, ह्या वेळच्या तपासणीत आजारी पेशी दिसत नाहीयेत."

मी ह्यांचा हात धरला, नुकतंच रक्त काढलेला हात, नर्स ओरडली.

मॅडम म्हणाल्या, बरं झालं असं एवढ्यात म्हणणार नाही. आजार दबलाय. औषध दर महिन्याला चालू ठेवायचं, लक्ष ठेवायचं, तो परत डोकं वर काढू शकतो. मात्र आता गोळ्यांचे दिवस कमी करता येतील.

"अजून हलकं?" ह्यांनी विचारलं.

"अजून हलकं," मॅडम म्हणाल्या. त्यांना तो पहिला दिवस आठवत असणार.

"चालेल," हे म्हणाले. "आणि असं किती वर्षं यायचं?"

"औषध काम करतंय तोवर. ते आज नाही सांगता येत, काका."

त्या गेल्यावर हे डोळे मिटून पडले. मला वाटलं, झोपले. त्या 'नाही सांगता येत'चं ओझं माझ्या छातीवर बसलं होतं आणि ते उतरवायला म्हणून मी नुसतं काहीतरी बोलले. कडेवरून हात फिरवत म्हटलं, "शिलाई ठीक आहे. गॅरंटी आहे का हिला?"

फेब्रुवारीपासून हा शब्द आमच्या घरात कुणी काढला नव्हता. तोंडातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. अंगठा पुढे करून माझ्या बैठकीची कड दाबून बघितली, सोडली, परत वर आली का ते बोटानं चाचपलं.

"दहा वर्षं," म्हणाले. "दबली तर सांग. मी स्वतः येऊन बदलून देतो."